काच पुसताय की घासताय?

रात्री आठच्या सुमारास तुम्ही दांड फाट्यावरून मोहोपाड्याकडे वळता आणि समोरून एमआयडीसीतला टँकर अप्पर लावून येतो. गाडी नवी असेल तर तुम्हाला टँकर दिसतो. पण बाबांकडून तुमच्या वाट्याला आलेली बारा-पंधरा वर्षांची गाडी असेल, तर टँकर दिसतच नाही. अख्खी काच पांढरी होते. रस्त्याची कड, खड्डा, विनादिव्याचा सायकलवाला, सगळं दोन सेकंद गायब. ताशी ४० किलोमीटरच्या वेगात दोन सेकंदांत गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे हे २२ मीटर तुम्ही डोळे मिटून चालवलेत, असं समजा.

गंमत म्हणजे हीच काच सकाळी कॉलेजच्या पार्किंगमध्ये चकाचक दिसते. दिवसा उजेड सगळीकडून येतो, त्यामुळे काचेवरचा पातळ थर डोळ्यांना कळत नाही. रात्री एकाच बाजूने झोत आला की तो थर प्रकाश चहूकडे उधळतो. म्हणून काच तपासायची तर ती अंधारात, समोर बाईकचा हेडलाइट लावून. जे दिसेल ते पाहून जरा धक्का बसेल, पण बघाच.

आता फडकं घेऊन धावू नका. जुन्या गाडीच्या काचेवरचा मळ एका जातीचा नसतो, आणि एकाला लागू पडणारं औषध दुसऱ्याला चालत नाही. घाम गाळूनही काच निघत नाही ती बहुतेक वेळा यामुळेच. आणि सुकी धूळ सुक्या फडक्याने पुसणं हा तर गुन्हाच. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते काचेपेक्षा कठीण असतात. तुम्ही पुसत नसता, पॉलिशपेपर मारत असता. आधी भरपूर पाणी, मग कार शॅम्पू, मग पुन्हा पाणी. त्यानंतरच पुढचं.

धुतलेल्या काचेवर पातळ प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळून बोटं फिरवा. नुसत्या बोटांना न कळणारा खरखरीतपणा पिशवीतून लगेच कळतो. खरखरीत लागलं तर वर काहीतरी चिकटून बसलंय. गुळगुळीत लागूनही काच धुरकट दिसत असेल, तर तेलकट थर आहे, आणि तो बहुधा आतल्या बाजूने आहे.

चिकटून बसलेल्यातला सगळ्यात हट्टी प्रकार म्हणजे पांढरे गोल डाग. बोअरच्या पाण्याने गाडी धुवायची आणि उन्हात तशीच वाळू द्यायची, ही आपली जुनी सवय. पाणी उडून जातं, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम काचेवर राहतं. दर रविवारी एक थर. बांधकामाची धूळ आणि पहाटेचं दव यांचं मिश्रणही असंच सुकून बसतं. साबणाने हे ढिम्म हलत नाही, कारण हा तेलाचा मळ नाही, क्षार आहेत. इथे लागतं सौम्य आम्ल. किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी. गाडी सावलीत, काच थंड. जुना सुती कपडा त्यात भिजवून डागांवर दहा मिनिटं पसरून ठेवा, सुकायला लागला तर परत ओला करा, मग हलक्या हाताने पुसून भरपूर पाण्याने धुवा. दोन-तीन वेळा करावं लागेल. लिंबू चालतं, पण गर आणि साखर मागे राहते.

इथे एक सल्लागार हमखास भेटतो. ‘अरे, बाथरूमचं ॲसिड टाक, एका मिनिटात निघेल.’ मोहोपाडा-रसायनीत तर प्रत्येक घरात कोणीतरी ॲसिड हाताळलेलं असतं. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सच्या कारखान्याभोवती इथली अख्खी पिढी वाढली. २०१७ मध्ये केंद्राने इथले बहुतेक प्लांट बंद करायचं ठरवलं आणि रॉकेटला लागणाऱ्या डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडचा प्लांट तेवढा इस्रोकडे द्यायचा निर्णय झाला. अशा गावातल्या काकांना ‘ॲसिड नको’ सांगायचं म्हणजे धाडसच. पण सांगा. बाथरूमचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. ते काचेला काही करणार नाही, पण ओघळून खाली गेलं की रंग, क्रोम, वायपरचा दांडा आणि रबराखालचा पत्रा खाईल. जुन्या गाडीला गंज तिथूनच धरतो. हायड्रोफ्लोरिक तर खुद्द काच खातं आणि हाताच्या हाडापर्यंत पोचतं, त्याच्या वाटेला जाऊच नका. आणि व्हिनेगर कधीही ब्लीचमध्ये मिसळायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो.

चार-पाच वेळा व्हिनेगर लावूनही डागाची कड दिसतेच आहे? मग क्षार गेलेत, पण त्यांनी काच कुरतडून ठेवलीय. हे पुसून जाणार नाही. सेरियम ऑक्साइडची पावडर पाण्यात कालवून नमद्याच्या पॅडने पॉलिश करावी लागते. बाजूच्या काचांवर हे घरी जमतं. पुढच्या काचेवर ड्रायव्हरच्या समोर एकाच जागी घासत बसलात तर तिथे खोलगटपणा येऊन रस्ता वाकडा दिसतो. ते काम जाणत्याला द्या.

आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांचं दुखणं वेगळं. मोहोर आला की तुडतुडे जो गोड चिकटा सोडतात, त्यावर डिझेलचा धूर बसतो आणि काळं लुकण तयार होतं. ते मुळात साखर आहे. कोमट साबणपाणी आणि पाच मिनिटांचा धीर पुरतो. झाडाचा चीक मात्र स्पिरिटनेच निघतो. आणि पावसाळ्यात खिडकीच्या रबरात धरलेलं हिरवं शेवाळ? आपल्याकडच्या पावसात ते धरणारच. जुना टूथब्रश, साबणपाणी. ते काढलं नाहीत तर दर वेळी काच वर-खाली करताना तोच चिखल काचेवर ओढला जातो आणि तुम्ही म्हणता, ‘कालच तर पुसली होती!’

काही जुन्या गाड्यांच्या काचांवर पट्ट्यापट्ट्यांचा पिवळट गोंद असतो. तो काळ्या फिल्मचा. सुप्रीम कोर्टाने २७ एप्रिल २०१२ला अशा फिल्मवर बंदी आणली, कारण नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. तेव्हा लोकांनी घाईघाईत फिल्म ओरबाडली, गोंद राहिला. साबणपाणी मारून काच ओली ठेवा, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, उरलेला स्पिरिटने पुसा. मागच्या काचेवर आतून तांबूस रेषा असतील तर तिथे ब्लेड अजिबात नाही. त्या धुकं घालवणाऱ्या हीटरच्या तारा आहेत. एक तुटली की तो पट्टा गेला.

आता आतली बाजू. टँकरच्या झोतात पांढरी होणारी काच बहुतेक वेळा इथूनच बिघडलेली असते. उन्हात डॅशबोर्ड तापतो, त्याच्या प्लास्टिकमधली तेलकट वाफ काचेवर जाऊन बसते. वर आपण डॅशबोर्डला चमकायचं सिलिकॉन पॉलिश मारतो, म्हणजे आगीत तेल. हा थर साबणाने फक्त पसरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समसमान घ्या, दारं उघडी ठेवा, सिगारेट-काडेपेटी लांब. द्रव काचेवर न फवारता मायक्रोफायबरच्या फडक्यावर घ्या, दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच टिपून घ्या. बाहेरून आडवे हात, आतून उभे. म्हणजे रेघ राहिलीच तर कुठल्या बाजूची ते दिशेवरून कळतं. खिडक्यांच्या काचा दोन इंच खाली करून वरची कडही पुसा.

‘वर्तमानपत्राने काच छान निघते’ असं आजी सांगते. चूक नाही, कागदाचे तंतू सुटत नाहीत. पण शाई हाताला आणि रबराला लागते. तेव्हा ही पुरवणी निदान वाचून झाल्यावर वापरा.

इतकं करूनही वायपर कचकच करत असेल तर रबर साबणपाण्याने पुसून बघा. कडक झालेलं, फाटलेलं असेल तर दर मे महिन्यात बदला, जून उजाडायची वाट न बघता. नाहीतर तेच रबर अडकलेली वाळू घेऊन नव्याने स्वच्छ केलेल्या काचेवर कमानी कोरत बसतं.

आणि पुढच्या काचेवर टाचणीच्या डोक्याएवढे असंख्य खळगे दिसले, तर ते खडी उडून पडलेले आहेत. सावरोली-खारपाडा रस्त्यावर डंपरच्या मागे धावणाऱ्या गाड्यांना ते असतातच. त्यांच्यावर कुठलंही व्हिनेगर, कुठलंही पॉलिश चालत नाही. मावळतीच्या उन्हाकडे तोंड करून गाडी उभी करा आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून बघा. स्टिअरिंगच्या समोरचा भाग चमचमत असेल, तर बाबांशी नवी काच बसवण्याबद्दल बोला. लॅमिनेटेडच घ्या, आयएसआय खूण बघून घ्या. आणि चिकटवलेला गोंद पुरता वाळेपर्यंत, मेकॅनिक सांगेल तितके तास, गाडी अंगणातच राहू द्या.