आकाशातून पडणाऱ्या वस्तूंचे दायित्व

२ एप्रिल २०२२ च्या सायंकाळी चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी या गावी आकाशातून धातूचे एक मोठे कडे येऊन पडले. तो चिनी अग्निबाणाचा अवशेष असावा, असे तज्ज्ञांचे मत पडले. ते कडे एखाद्याच्या घरावर पडते, तर भरपाई कोणी द्यावयाची?

याचे उत्तर १९७२ च्या दायित्व-करारात आहे. अंतराळातील वस्तूमुळे भूपृष्ठावर अथवा उडत्या विमानास हानी पोहोचल्यास, ती सोडणारे राष्ट्र सर्वस्वी उत्तरदायी ठरते. त्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. हानी अंतराळातच घडली, तर मात्र चूक दाखवावी लागते. १९७८ साली अणुभट्टी असलेला कॉसमॉस ९५४ हा सोव्हिएत उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा कॅनडाने सुमारे ६० लाख डॉलर मागितले. पदरात पडले ३० लाख, आणि तेही १९८१ मध्ये!

चंद्र वा अन्य ग्रहगोल कोणाही राष्ट्राच्या मालकीचे होऊ शकत नाहीत, असे सांगणाऱ्या १९६७ च्या मूळ अंतराळ-करारावर भारताने त्याच वर्षी ३ मार्च रोजी स्वाक्षरी केली. परंतु करार बंधनकारक होतो तो अनुसमर्थनाने, आणि त्यास १८ जानेवारी १९८२ उजाडला. त्याच दिवशी भारताने नोंदणी-करार स्वीकारला व चंद्र-करारावर सही केली; या शेवटच्या कराराचे अनुसमर्थन मात्र केलेले नाही.

दायित्व-करार व अंतराळवीरांच्या सुटकेचा करार भारताने त्यापूर्वीच, जुलै १९७९ मध्ये, स्वीकारले होते. हा क्रम उलटा वाटेल. तथापि पुढच्याच महिन्यात, १० ऑगस्ट रोजी, श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ या स्वदेशी अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले आणि तो बंगालच्या उपसागरात कोसळला. या दोन तारखांची जवळीक बोलकी आहे. आजवर केवळ भरपाई मागू शकणारा देश आता ती देणाराही ठरू शकत होता.

हे ओझे पुढे वाढतच गेले. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी पीएसएलव्हीने एका उड्डाणात १०४ उपग्रह सोडले. त्यांपैकी १०१ परदेशांचे होते. तरी करारानुसार त्यांचे प्रक्षेपक राष्ट्र म्हणून भारतही उत्तरदायी ठरतो. खाजगी कंपन्यांच्या कृतींचा भारही त्यांच्या राष्ट्रावरच असतो.

जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यास एक भले मोठे नळकांडे लागले. ते बहुधा पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचे असावे, असा निष्कर्ष तेथील अंतराळ संस्थेने काढला, आणि या करारांतील कर्तव्ये ध्यानी घेऊन पुढील व्यवस्था भारताशी बोलून ठरविली जाईल, असे कळविले. या वेळी किनारा दुसऱ्याचा होता.