अबू तालिब ते चांद बोधले : श्रद्धानिर्णयाच्या साधनांचा विचार

एखाद्या दिवंगत पुरुषाची धर्मश्रद्धा कोणती होती, हा प्रश्न वरकरणी चरित्राचा दिसतो. तथापि त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे त्या पुरुषापेक्षा उत्तर देणाऱ्या समाजाचीच ओळख अधिक पटू लागते. वऱ्हाड-मराठवाड्याच्या धार्मिक इतिहासात असा एक प्रश्न चांद बोधले यांच्याविषयी उपस्थित झालेला आहे. त्याचा विचार करण्यापूर्वी या जातीच्या वादाचे सर्वांत जुने व सर्वांत चर्चिलेले उदाहरण पाहणे उपयुक्त ठरेल.

महंमद पैगंबरांचे चुलते अबू तालिब यांनी पोरक्या पुतण्याचे पालन केले आणि पुढे कुरैश टोळीचा रोष पत्करून त्यांना अखेरपर्यंत संरक्षण दिले. इ. स. ६१९ च्या सुमारास ते निवर्तले. त्यांनी इस्लामचा स्वीकार केला होता काय? बुखारी व मुस्लिम यांच्या हदीससंग्रहांतील वृत्तान्तानुसार मृत्युशय्येवर पैगंबरांनी विनवूनही ते आपले पिते अब्दुल मुत्तलिब यांच्या धर्मावरच राहिले. सुन्नी विद्वानांचे बहुमत याच बाजूचे आहे. शिया परंपरा त्यांना श्रद्धावान मानते व त्यांनी आपली श्रद्धा कुरैशांपासून गुप्त ठेवली, असे प्रतिपादन करते. शेख मुफीद (मृत्यू १०२२) यांनी या विषयावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. इब्न हिशामच्या पैगंबरचरित्रात आणखी एक वृत्तान्त येतो : अंतकाळी अबू तालिबांचे ओठ हलताना अब्बास यांनी पाहिले, कान लावून ऐकले, आणि अपेक्षित शब्द उच्चारले गेल्याचे पैगंबरांना सांगितले, परंतु ते आपल्याला ऐकू आले नाहीत, असे पैगंबर म्हणाले.

हा वाद केवळ धर्मशास्त्रीय राहिला नाही. अबू तालिब हे अली यांचे पिते, आणि अब्बास हे अब्बासी घराण्याचे मूळ पुरुष. इ. स. ७६२ मध्ये अलीवंशीय महंमद अन्-नफ्स अज्-जकिय्या याने मदीनेत बंड केले, तेव्हा त्याच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात खलीफा मन्सूर याने नेमका हाच मुद्दा काढला : पैगंबरांच्या चुलत्यांपैकी ज्यांनी धर्म स्वीकारला त्यांत माझा पूर्वज होता, ज्यांनी नाकारला त्यांत तुझा. मृताच्या श्रद्धेचा निर्णय अशा रीतीने राज्याच्या वारशाचा पुरावा बनला.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. वाशिम जिल्ह्यातील कारंजा हे नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. त्यांचे चरित्र सांगणाऱ्या सरस्वती गंगाधरांच्या ‘गुरुचरित्रा’त बिदरच्या यवन राजाची कथा आहे. राजाच्या मांडीवर झालेला स्फोटक गुरुकृपेने बरा होतो आणि तो नितान्त भक्तिभावाने गुरूंना आपल्या नगरात नेतो. परधर्मीय राजाच्या अंतःकरणात हा भाव कोठून आला? ग्रंथ उत्तर देतो की, पूर्वजन्मी तो गुरूंचाच भक्त असलेला एक रजक होता. येथे राजा यवनच राहतो. त्याच्या भक्तीचा उलगडा मात्र पूर्वजन्मातून केला जातो.

याच दत्तपरंपरेत चांद बोधले यांचा प्रश्न येतो. संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी (१५०४–१५७५) हे निजामशाहीच्या सेवेत देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या, किल्ल्यावर अधिकारी होते. त्यांचे गुरू कोण? एकनाथांनी काशी येथे १५७३ साली पूर्ण केलेल्या भागवतटीकेच्या नवव्या अध्यायात स्पष्टपणे दत्तात्रेयांचे नाव सांगितले आहे. सहस्रार्जुन व यदु यांच्यानंतर कलियुगातील दत्तात्रेयांचा शिष्य म्हणजे जनार्दन, असा तेथे क्रम आहे. याउलट श्रीगोंदे येथील शेख महंमद यांनी ‘योगसंग्रामा’त (१६४५) चांद बोधले यांना सद्गुरू म्हणून वंदन केले असून त्यांनीच जनार्दनांचा अंगीकार केला व जनार्दनांनी एकनाथांना उपदेश केला, असे म्हटले आहे. जनार्दनस्वामींना प्रत्यक्ष नृसिंहसरस्वतींचा अनुग्रह झाला, असे सांगणारीही एक परंपरा आहे. परंतु नृसिंहसरस्वतींचे निजानंदगमन १४५९ च्या सुमाराचे, म्हणजे जनार्दनस्वामींच्या जन्मापूर्वी सुमारे पंचेचाळीस वर्षांचे असल्यामुळे ऐहिक अर्थाने ती स्वीकारता येत नाही.

चांद बोधले यांच्या धर्माविषयी दोन मते प्रचलित आहेत. एका मताप्रमाणे ते कादिरी परंपरेतील सूफी होते. रा. चिं. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ (१९६७) या ग्रंथात या संबंधाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. दौलताबाद येथील त्यांचे समाधिस्थान दर्ग्याच्या धर्तीचे आहे, आणि तो परिसर चौदाव्या शतकातील बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या काळापासून सूफींचे मोठे केंद्र होता, या गोष्टी त्या मताला पोषक आहेत. दुसऱ्या मताप्रमाणे ते मूळचे चंद्रभट नावाचे ब्राह्मण असून त्यांनी सूफी वेष धारण केला होता. नावावरून मात्र काहीच सिद्ध होत नाही. ‘चांद’ हे नाव मुसलमानांत रूढ असले तरी शब्द ‘चंद्र’ या संस्कृत शब्दापासूनच आलेला आहे. आणि ‘बोधले’ हे उपनाम धामणगावच्या माणकोजी बोधल्यांच्या घराण्यातही आढळते.

या दोन साक्षींचा मेळ पुढे महीपतींनी घातलेला दिसतो. त्यांच्या ‘भक्तिविजया’त (१७६२) जनार्दनस्वामींना भेटणारे दत्तात्रेय मलंगाच्या, म्हणजे फकिराच्या, वेषात येतात. ते रूप पाहून बाल एकनाथ प्रथम बिचकतात व नंतर त्यांना खरी ओळख पटते. अशा रीतीने गुरू दत्तात्रेय, हेही राखले जाते आणि गुरू फकीर, हेही. पूर्वजन्म, वेषांतर आणि अंतकाळचा अस्फुट उच्चार या तीन कथाबीजांचे कार्य एकच आहे. ज्या पुरुषाचे ऋण नाकारता येत नाही, परंतु ज्याचे धर्मनाम आपल्या चौकटीत बसत नाही, त्याला एका गुप्त घटनेच्या द्वारे ही कथा आपल्या समाजात आणते. म्हणून अशी कथा समाजाच्या भावनेचा अस्सल पुरावा होय. त्या पुरुषाच्या श्रद्धेचा पुरावा म्हणून ती वापरता येणार नाही.

तर मग अभ्यासकाने काय करावे? आमच्या मते ‘धर्म कोणता’ हा एक प्रश्न नसून तीन आहेत : जन्म कोणत्या कुळात झाला, दीक्षा कोणत्या परंपरेची होती, आणि उपदेश कोणाला व कोणता केला. चांद बोधले यांच्याबाबत पहिल्या प्रश्नाचा पुरावा सर्वांत दुबळा आहे. तो केवळ परंपरेवर उभा आहे. दुसऱ्यासाठी समाधीचे स्वरूप व शिष्याची साक्ष ही बळकट साधने सूफी दीक्षेकडे निर्देश करतात. तिसऱ्याचे उत्तर शिष्यांत सापडते. शेख महंमद यांनी नाव टाकले नाही, मराठीत योगपर ग्रंथ रचला व ते वारकऱ्यांना वंद्य झाले. जनार्दनस्वामींची परंपरा एकनाथांच्या भागवतात फळाला आली. एकनाथांचे मौन हेही साधन होय, पण ते नकार नव्हे. दत्तात्रेयांचे नाव घेताना कोणाचे नाव टाळले जात आहे, असे त्यांनी कोठेही सूचित केलेले नाही.

या विवेचनाला केवळ ग्रंथगत महत्त्व आहे, असे नाही. श्रीगोंदे येथील शेख महंमद यांचे स्थान दर्गा मानावे की मंदिर, यावरून २०२५ साली उघड वाद झाला, आणि उभय पक्षांनी इतिहासाचा आधार मागितला. अशा वेळी संशोधकाने जन्मकुळाच्या दंतकथेला दीक्षेचा पुरावा म्हणून पुढे केले, किंवा दीक्षेवरून उपदेशाची मालकी ठरविली, तर तो एका पक्षाच्या हाती मन्सूरच्या पत्रासारखे शस्त्र देत असतो. साधन ज्या प्रश्नाचे उत्तर देते तेवढ्याच प्रश्नापुरते ते वापरावे, ही मर्यादा येथे कसोशीने पाळली पाहिजे. ‘योगसंग्राम’, एकनाथांची भागवतटीका आणि ‘भक्तिविजय’ यांतील संबंधित भाग एकत्र ठेवून, त्यांच्या रचनाकालाच्या क्रमाने वाचणे, हे या विषयात पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याचे पहिले काम होय.