निषद्या : वारीतील घडीचे दुकान

आषाढी एकादशी आली की पंढरीत टाळमृदंगाच्या घोषाबरोबर रस्तोरस्ती आणखी एक संसार मांडला जातो. तुळशीच्या माळा, बुक्का, अष्टगंध, चुरमुरे, बत्तासे विकणाऱ्यांचा तो संसार होय. वारकरी जो प्रसाद घरी नेतो, तो याच हातांतून त्यास मिळतो. अमरकोशात दुकानास ‘आपण’ आणि ‘निषद्या’ असे शब्द आहेत. निषद्या म्हणजे बसावयाची जागा. परंतु वारीत बसलेल्यास वारंवार उठावे लागते. रथ निघाला, दिंडी वळली, आषाढसर कोसळली, की मांडलेला माल तत्काळ आवरावा लागतो.

गेल्या कार्तिकी वारीनंतर तंत्रनिकेतनातील चार विद्यार्थी आमच्याकडे आले. अभ्यासक्रमातील प्रकल्प म्हणून त्यांना हलके, घडी होणारे दुकान तयार करावयाचे होते. आम्ही उत्साहाने सुचविले, ‘वर शिखरासारखे निमुळते छत करा, देवाच्या दारी शोभेल.’ मुलांनी तसे केले. लोखंडी नळ्यांचा तो सांगाडा देखणा झाला खरा. पण वजन भरले २६ किलो!

माळा विकणाऱ्या एका वृद्ध मावशींना तो दाखविला. चौघांनी मिळून तो झटपट उभा केला. मावशी म्हणाल्या, “बुवा, मांडाया चौघं आली. रथ आला म्हंजी उचलायचं कुणी? मी तर एकलीच.” मग त्यांनी मागील आषाढीची हकिकत सांगितली. सर आली, गर्दी रेटली. माल उचलेपर्यंत बुक्क्याचा चिखल झाला आणि मालासाठी काढलेले कर्ज अंगावर राहिले. आम्ही वरमलो. कित्येक वर्षे त्यांच्याकडून माळ घेतली, कीर्तनातून भूतदया सांगितली. पण ही अडचण त्यांना कधी विचारली नव्हती.

मुलांनी पुन्हा आरंभ केला. लोखंडाच्या जागी ॲल्युमिनियम आले. तेवढ्याच आकाराच्या लोखंडाच्या सुमारे एकतृतीयांश त्याचे वजन. मात्र ते लवकर वाकते, म्हणून नळ्या थोड्या जाड घेतल्या. पाय कसे मिटावेत, हे आमच्या पोथीच्या ठवणीने शिकविले : दोन फळ्या कैचीसारख्या एकमेकींत अडकतात, उघडल्या की भार पेलतात, मिटल्या की सपाट होतात. मावशी बसून विकतात, म्हणून उंची हातभरच ठेवली. माल मांडण्याच्या फळीचीच पेटी केली. झाकण लावले की माळा आणि बुक्का आत सुरक्षित. वेगळे भरणे नको. छताचा उतार मागे दिला, म्हणजे पागोळ्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पडणार नाहीत.

हलके दुकान वाऱ्याने उडेल, ही शंका राहिली. त्यासाठी पायांना रिकाम्या पिशव्या बांधल्या. बसताना त्यांत वाळू भरावी, उठताना ओतून द्यावी. वजन हवे तेथेच घ्यावे आणि तेथेच सोडावे!

आता ते दुकान ९ किलोंचे आहे. पट्टा खांद्याला लावून मावशी ते एकट्या नेतात. आमचे शिखर मात्र गेले, आणि ते गेले हेच बरे झाले.

पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली संसदेने कायदा केला. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतूनच असावेत, असे त्यात सांगितले आहे. ज्याने ओझे वाहावयाचे त्यास आधी विचारावे, हेच त्यातील मर्म. ते आम्हांस चार मुलांनी आणि एका मावशींनी शिकविले.

पुंडलिकाने भगवंतास उभे राहावयास एक वीट दिली. आपल्या दारी येणाऱ्या कष्टकऱ्यास बसावयास तेवढीच निश्चिंत जागा मिळावी, हीदेखील पांडुरंगाची पूजाच होय. यंदाच्या एकादशीस मावशी ते दुकान घेऊन बसतील. त्याची खरी परीक्षा आषाढाचा पाऊसच घेईल. भाविकहो, माळ घेताना घासाघीस करण्यापूर्वी क्षणभर त्यांची विचारपूस करा. विठुराया आपणां सर्वांस तशी बुद्धी देवो.