मखमलीवरचा पाण्याचा डाग

लग्नसराई संपता संपता वळवाचा पाऊस गाठतो आणि मखमलीच्या ब्लाउजवर चार थेंब पडतात. वाळल्यावर तिथे फिकट ठिपका राहतो. रंग उतरला, असे निदान बहुतेक घरांत लगेच होते. माझ्या मते रंग बहुधा जागच्या जागी असतो, आडवी झालेली असते ती लव. पुराव्यासाठी प्रयोगशाळा नको. कापड खिडकीजवळ धरून उलट दिशेने फिरवावे. मघाचा फिकट ठिपका आता गडद दिसला, तर दोष रंगाचा नव्हे. उतरलेला रंग कुठूनही फिकटच दिसला असता. उभ्या लवेत प्रकाश खोल शिरतो आणि बराचसा तिथेच शोषला जातो. आडव्या तंतूंच्या अंगावरून तो परततो.

पण साध्या पाण्याने लव आडवी होऊन तशीच का राहावी? उत्तर धाग्यात आहे. कल्याणहून कसाऱ्याची गाडी धरली की पुढचे स्टेशन शहाड. तिथल्या सेंच्युरी रेयॉनमध्ये 1950च्या दशकापासून व्हिस्कोसचा धागा निघतो. लाकडाच्या लगद्यातले सेल्युलोज कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून विरघळवायचे, मग बारीक छिद्रांतून आम्लात सोडून पुन्हा घट्ट करायचे, ही 1892 साली इंग्लंडमध्ये सापडलेली रीत. आजच्या तलम मखमलीची लव पुष्कळदा व्हिस्कोसचीच असते. रसायन कापसाचेच, पण रेणूंच्या साखळ्या कमी शिस्तीत रचलेल्या, म्हणून पाणी आत सहज शिरते. ओला कापूस उलट थोडा बळकट होतो, तर ओल्या व्हिस्कोसची ताकद निम्म्याच्या आसपास घसरते. पाणी साखळ्यांमधले हायड्रोजन बंध सोडवते, तंतू फुगून लुळा पडतो आणि वाळताना वाकलेल्या स्थितीतच नवे बंध जुळतात. ओले केस उशीवर दबून वाळले की सकाळी तसेच राहतात, त्यातलाच हा प्रकार.

डागाभोवतीची पांढरी कडही लवेमुळेच का, असे कुणी विचारील. नाही, ती पाण्यातल्या क्षारांची. बोअरिंगच्या पाण्याने ती सहज उमटते, पावसाच्या पाण्यात क्षार फार थोडे. आडवी लव मात्र वाफेने उठते. इस्त्री न टेकवता मागच्या बाजूने वाफ द्यावी आणि कापड दमट असतानाच मऊ ब्रश फिरवावा. आक्षेप खरा वजनदार आहे तो वेगळा : मग पॉलिस्टरचीच मखमल का घेऊ नये? ते पाणी जवळजवळ शोषत नाही, आणि पावसात वापरायच्या वस्तूला तेच योग्य. पण पॉलिस्टरला उष्णता बाधते. साधारण 70-80 अंश सेल्सिअसपुढे त्याचे रेणू सैल होतात, आणि गरम इस्त्रीखाली दबलेली लव थंड झाल्यावर दबलेलीच राहते. ती नुसत्या पाण्याने उठत नाही.