ठोका सरकवण्याआधी

टेपच्या जमान्यात रेकॉर्ड झालेली लय बदलायची तर टेपच कमीजास्त वेगाने फिरवावी लागे, आणि लयीबरोबर सूरही हले. वेग सहा टक्क्यांच्या आसपास वाढला की पट्टी अर्ध्या स्वराने चढते. १९६६ साली बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’चे दोन टेक जोडताना निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांचं काम साधलं ते याच दोषामुळे. जलद टेकची पट्टीही चढी होती, त्यामुळे एक आवरला, दुसरा जरा पळवला, की दोन्ही गोष्टी जुळल्या. पुढे संगणकाने सूर आणि वेग यांची गाठ सोडवली. आज एबलटन लाइव्ह, लॉजिक किंवा प्रो टूल्समध्ये कुठलाही ठोका माऊसने पकडून ग्रिडच्या रेघेवर नेता येतो. सोय उत्तमच. पण रेघा आधी आखून वादन त्यांत कोंबण्याची रीत मला उलटी वाटते. रेघा वादनातून निघाल्या पाहिजेत.

तबल्याचा ‘ना’ घ्या. बोट चाटेवर पडताच आघात काही मिलिसेकंदांत टोकाला जातो. वेग बदलण्याच्या एका प्रचलित पद्धतीत ध्वनीचे एकमेकांवर चढलेले तुकडे पाडून त्यांतल्या कंपनसंख्या मोजतात. सेकंदाला ४४,१०० नमुने असतील तर २,०४८ नमुन्यांचा तुकडा ४६ मिलिसेकंदांचा होतो. आघात एवढ्या जागेत पसरला की ‘ना’ची धार गेलीच. म्हणून चांगली सॉफ्टवेअरं आघाताला हात न लावता मागची आस ताणतात. ड्रमकिटला हे बऱ्यापैकी चालून जातं. डग्ग्याच्या ‘घे’ला नाही, कारण मनगटाच्या दाबाने सूर चढतो तो आसेतच. आस ताणली की मींड लांबते आणि वादकाने न केलेली हालचाल ऐकू येते.

यावर कुणी म्हणेल, ठोका दहा मिलिसेकंदांनी सरकला तर सामान्य श्रोत्याला काय फरक पडतो? रॉजर लिन यांच्या १९८० च्या एलएम-१ या ड्रम मशीनमध्ये क्वांटाइझबरोबर, म्हणजे ठोके ग्रिडवर ओढण्याच्या सोयीबरोबर, स्विंगही होता, तो उगाच नव्हे. १२० च्या टेम्पोत सोळांशाच्या जोडीतला दुसरा ठोका १२५ मिलिसेकंदांवर पडतो. स्विंग ५४ टक्के केला की १३५ वर. फरक दहाचाच, पण ठेका डुलायला लागतो. श्रोत्याला तो आकड्यात सांगता येणार नाही, मान मात्र वेगळी हलते. मग स्विंग लावून भागेल का? तो प्रत्येक जोडीला सारखाच लागतो. लावणीचा ढोलकीवाला तोड्यात पुढे रेटतो आणि समेवर टेकतो. ‘पन्नास टक्केच क्वांटाइझ करा’ हा सल्लाही फसवा, कारण त्यात चूक अर्धी होते तशी लकबही अर्धी होते.

खरा आक्षेप व्यवहाराचा आहे. व्हायोलिन दुसऱ्या शहरात रेकॉर्ड होणार, सिंथ संगणकात वाजणार, तर सगळ्यांना एक मोजमाप हवंच. हवंच, पण ते ठेकेवाल्याच्या टेकवरून काढता येतं. मात्रामात्रांवर खुणा केल्या की सॉफ्टवेअर त्याच्या चढउतारासकट टेम्पोचा नकाशा बनवतं आणि क्लिक त्या नकाशाप्रमाणे वाजते. टेक्नोसारख्या संगीतात आखीव ठोका हाच रस असतो, तिथे हा खटाटोप नको. उरला एखादा खरोखर चुकलेला ठोका. तो खुशाल सरकवावा, मात्र तबल्याचे आणि डग्ग्याचे ट्रॅक एका गटात बांधून; नाहीतर ‘ना’ तबल्याच्या माइकमध्ये हलतो, डग्ग्याच्या माइकमध्ये जुन्या जागीच राहतो आणि एका आघाताचे दोन ऐकू येतात.