अल्बमला वारस हवा

टपाल तिकिटे जमवण्याचा छंद बहुतेकांना शाळकरी वयात जडतो आणि दहावीच्या अभ्यासात सुटतो. ज्यांचा सुटत नाही, त्यांना पुढे कळते की तिकिटे जमवणे सोपे, सांभाळणे कठीण.

माझी नोकरी बँकेतली. त्यामुळे असेल, पण तिकिटावरच्या चित्राइतकीच त्याची किंमत वाचायला मला आवडते. स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ चे. त्यावर तिरंगा, ‘जय हिंद’ आणि किंमत साडेतीन आणे. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि भारताच्या नकाशाची तिकिटे नव्या पैशांत निघाली. पुढे ‘नया’ हा शब्दही गेला. अल्बमची चार पाने उलटली की देशाचा हिशेब कसा बदलला ते दिसते. १९५८ मध्ये महर्षी कर्वे यांच्या जन्मशताब्दीचे तिकीट निघाले, तेव्हा अण्णा स्वतः हयात होते! हे ऐकून नातवंडांचे डोळे विस्फारतात आणि मग हिंगण्याची सगळी गोष्ट सांगावी लागते.

आता सांभाळण्याचे. वापरलेले तिकीट पाकिटावरून ओढून काढू नये. कागदासकट कापून पाण्यात ठेवावे, आपोआप सुटले की टीपकागदावर वाळवावे. कोऱ्या तिकिटाला मात्र पाणी लावू नये, कारण पाठीवरचा गोंद शाबूत असण्याला मोल असते. खरा वैरी आपला पावसाळा. दमट हवेत गोंद पानाला धरतो, कागदावर तांबूस ठिपके पडतात. म्हणून अल्बम उभे ठेवावेत आणि कोरड्या दिवसांत उघडून त्यांना वारा द्यावा.

‘याचे किती पैसे येतील?’ हा प्रश्न हमखास येतो. लाखोंनी छापलेले तिकीट नुसते जुने झाले म्हणून महाग होत नाही, हे स्पष्ट सांगावे. बँकेतली शिल्लक कोणालाही वाचता येते. अल्बममधली बहुधा जमवणाऱ्यालाच. तो गेला की घरच्यांच्या हाती रंगीत कागद उरतात. मग एक तर रद्दी, नाहीतर भेटेल तो पहिला दलाल.

तेव्हा खात्याला वारस नेमतो, तसा अल्बमलाही नेमावा. प्रत्येक पानाखाली दोन ओळी लिहाव्यात: तिकीट कुठून मिळाले, का ठेवले. घरी पत्रे येणे आता कमी झाले आहे, पण माळ्यावर जुनी पाकिटे असतीलच. एखाद्या रविवारी ती मुलांसमोर उघडा. त्यांतले एखादे मूल दुसरे तिकीट मागेल, त्याच्या नावावर अल्बम करावा.