काखेतली पहारेकरी गाठ

आज बोलू या एका औषधी रंगाबद्दल. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये हा रंग बाईचा हात वाचवायला मदत करतो.

पायाची जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, हे आपल्याला माहीत आहे. तशाच बारीक गाठी प्रत्येकीच्या काखेत असतात. हातातून आणि स्तनातून एक पाणीदार द्रव बारीक नळ्यांतून तिथे येतो आणि गाठी तो गाळतात. स्तनाचा कॅन्सर पसरू लागला की बहुतेक वेळा याच वाटेने आधी काखेत येतो.

म्हणून पूर्वी ऑपरेशन करताना काखेतल्या बहुतेक गाठी काढून टाकत, रोग तिथे पोचलेला असो वा नसो. पण गाठी गेल्या की हातातल्या द्रवाची वाट अडते. अशा पाचजणींपैकी साधारण एकीचा हात पुढे सुजतो, जड होतो. मग खुरपणी, धुणं, पाण्याची कळशी, सगळंच अवघड होऊन बसतं.

आता शेतातला पाट आठवा. पाणी आधी पहिल्या वाफ्यात शिरतं, मग पुढच्या. पहिला वाफा कोरडा असेल तर पुढचेही बहुधा कोरडेच. काखेतही तसंच आहे. स्तनाकडून येणारा द्रव ज्या गाठीत सर्वांत आधी पोचतो, ती पहारेकरी गाठ. अशा एक ते तीन गाठी काढून तपासल्या आणि त्यात रोग नसला, तर बाकीच्या जागीच ठेवता येतात. मग हात सुजण्याचं प्रमाण वीसजणींत साधारण एकीपर्यंत खाली येतं.

पण चरबीत लपलेली ही गाठ ओळखायची कशी? इथे रंग कामाला येतो. त्याचं नाव इंडोसायनिन ग्रीन. कोडॅक या फोटो-फिल्मच्या कंपनीने तो शोधला आणि १९५९ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून परवानगी मिळाली. सुरुवातीला तो हृदयाचं आणि लिव्हरचं काम तपासायला वापरत.

टीव्हीच्या रिमोटचा उजेड आपल्याला दिसत नाही, पण टीव्हीला कळतो. या रंगाचं चमकणंही तसंच, डोळ्यांना न दिसणारं. खास कॅमेऱ्याला मात्र ते त्वचेखाली साधारण एक सेंटिमीटरपर्यंत दिसतं. भूल दिल्यावर डॉक्टर स्तनात थोडा रंग टोचतात. काही मिनिटांत पडद्यावर उजळ रेघ काखेकडे सरकते आणि तिच्या टोकाला गाठ चमकते. रक्तात गेलेला रंग लिव्हरवाटे बाहेर पडतो.

हा कॅमेरा सगळीकडे नसतो. पण निळ्या रंगाने किंवा किरणोत्सारी औषधानेही हीच गाठ शोधतात. निळ्या रंगानंतर एखादा दिवस लघवी हिरवट-निळी होते, घाबरू नका.

एक लक्षात ठेवा. हा रंग कॅन्सर बरा करत नाही, फक्त वाट दाखवतो. काखेत रोग आधीच बराच पसरला असेल, तर गाठी काढाव्याच लागतात. म्हणून लवकर जाणं महत्त्वाचं. स्तनात न दुखणारी गाठ, बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्त येणं, त्वचेला खळी पडणं, यातलं काहीही दिसलं तर लाजू नका, थांबू नका.

ऑपरेशन ठरलं तर आधी विचारा, "डॉक्टर, माझ्या काखेतल्या गाठींचं काय करणार? पहारेकरी गाठ तपासता येईल का?" आयोडीनची किंवा कुठल्याही औषधाची ॲलर्जी असेल, दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर तेही सांगा. एकटीला धीर होत नसेल तर गटातली मैत्रीण सोबत न्या. हात आपला आहे, प्रश्नही आपणच विचारायचा.